लिंडालकरांनी खोडलेला चांगुलपणा

अमेरिकेत येऊन वसलेल्या स्वीडिश लोकांच्या लिंडाल गावातल्या चर्चला पंचाहत्तर वर्षं होणार म्हणून पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा टेक्ला नॉर्डक्विस्ट चर्चच्या तळघरात कॉफीची किटली धरून उभी होती. बैठक पंचमंडळाची, म्हणजे पुरुषांची. बायकांनी फक्त कॉफी ओतायची, असा रिवाज. टेक्ला गेली चाळीस वर्षं कॉफी ओतता ओतताच सगळ्या बैठकी चालवत आली होती, हे त्या पुरुषांना सोडून साऱ्या गावाला ठाऊक होतं.

अध्यक्ष एलोफ ब्लूमक्विस्ट म्हणाला, "नवीन लिहायची काही गरज दिसत नाही. पन्नास वर्षं झाली तेव्हाचं पुस्तक आहेच. तेच थोडं पुढं ओढू."

टेक्लाने किटली टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली. अंडं घालून उकळलेली, स्वच्छ गाळलेली ती कॉफी टेबलावर सांडली आणि पंचमंडळाच्या कागदांवर तिचा नकाशा उमटला.

"त्या पुस्तकात पान नऊ काढ," ती म्हणाली. "माझ्या बापाचं. मला पाठ आहे. 'नील्स ओकरलुंड, १८७१ साली स्मोलंडहून आले. सोबत पत्नी. बैल : पेल्ले व मोन्स. पैकी पेल्ले एका डोळ्याने अधू.' बैलाचा डोळा आहे त्या पुस्तकात! माझ्या आईचं नाव नाही!"

पंचांनी आपापल्या कपात पाहिलं. आमच्या लिंडालमध्ये अडचण आली की पुरुष कपात पाहतात. म्हणून तर इथले कप एवढे मोठे असतात.

नवे पाळक मेलांडर तरुण होते, शिकागोहून आलेले, आणि त्यांना गावाची अजून काहीच कल्पना नव्हती. ते उत्साहाने म्हणाले, "मग टेक्लाबाईंनीच का लिहू नये? जुनी माणसं एकेक करून चाललीत. त्यांच्या गोष्टी आता नाही लिहिल्या तर कधी लिहिणार?"

एलोफला हसू आलं. टेक्लाच्या नावावर शाळेचे तीन हिवाळे जमा होते, त्यातला तिसरा गाईंच्या नावावर वळता झालेला. प्रार्थनेचं पुस्तक ती धडाधड वाचायची, कारण ते तिला पाठ होतं. पाठ नसलेलं काही वाचायचं म्हणजे ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत.

"लिही की टेक्लाकाकू," एलोफ म्हणाला. "आमचं काय जातंय?"

"लिहिते," टेक्ला म्हणाली. खरं तर तिला एवढंच म्हणायचं होतं की दुसऱ्या कुणीतरी नीट लिहावं. पण एलोफ ज्या तोंडाने हसला, त्या तोंडासमोर माघार घेणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

टंकलेखनासाठी तिला ओत्तिलिया सांडग्रेन जोडून दिली. ओत्तिलिया निवृत्त शिक्षिका, बिनलग्नाची, टेक्लाच्या समोरच्या घरात राहणारी. गावातलं एकमेव टंकयंत्र तिच्याकडे. त्या यंत्रात स्वीडिश अक्षरांवरचे ठिपके नव्हते, म्हणून ओत्तिलिया पान झालं की बारीक टाक घेऊन एकेक ठिपका हाताने द्यायची, जसं काही त्या ठिपक्यांवाचून माणूस नरकात जाणार आहे.

टेक्लाला या सगळ्या उठाठेवीतून हवं होतं एकच : पुस्तकात आईचं नाव. काइसा पेर्सडॉटर, असं अक्षरात छापलेलं. पण ते तिला स्वतःला लिहिता येणार नव्हतं. लिहिण्याची अडचण नव्हती हो. स्वतःच्या माणसाची स्तुती स्वतः लिहिणं म्हणजे स्वतःचीच आरती ओवाळून घेणं, आणि असलं काही लिंडालमध्ये फक्त वेडे करतात, किंवा नॉर्वेजियन. आईबद्दल दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं होतं, तेही आपणहून, न विचारता.

पहिल्या दिवशी टेक्ला वही घेऊन नऊ घरी गेली. आता कुणाच्या घरी जायचं म्हणजे कॉफी आली. कॉफीला दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायची. पहिला कप, मग वरचा कप, मग निरोपाचा कप. सोबत सात तऱ्हेची बिस्किटं, आणि सातही चाखायची. एखादी तऱ्हा राहिली तर घरची बाई ते मरेपर्यंत लक्षात ठेवते. नऊ घरं, सत्तावीस कप, त्रेसष्ट बिस्किटं. आणि गोष्टी?

"आमचं काय सांगायचं, टेक्ला?"

"आम्ही काय, साधी माणसं."

"छे छे, आमच्याबद्दल कशाला लिहितेस? जागा वाया जाईल."

घरी आली तेव्हा सत्तावीस कपांनी तिची झोप उडालेली होती, आणि वहीत एक ओळ होती : 'सगळे बरे आहेत.'

ओत्तिलियाने ती ओळ चष्म्यातून वाचली, मग चष्मा काढून वाचली. "हे पुस्तक आहे की पोस्टकार्ड?"

"तुम्ही ठिपके द्या," टेक्ला म्हणाली. "मजकुराचं मी बघते."

दोघी एकमेकींना अहो-जाहो करायच्या. लहानपणी एकाच बाकावर बसलेल्या, एकाच तळ्यात बुडता बुडता वाचलेल्या, तरी अहो. त्याचं कारण पुढं येईलच.

तिसऱ्या दिवशी टेक्ला फ्रित्योफ हागस्ट्रॉमकडे गेली. म्हातारा एक्क्याण्णव वर्षांचा. अकरा वर्षांचा असताना ज्या बोटीने आला, त्याच बोटीत टेक्लाची आई होती. त्या बोटीतला आता हा एकटाच उरलेला. दातात साखरेचा खडा धरून बशीतली कॉफी भुरकत होता, आणि अर्धी कॉफी दाढीला पाजत होता.

"तुमचं सांगा, फ्रित्योफबाबा."

"माझं? मी बोटीत बसलो. बोट इकडे आली. यात मी काय केलं?"

टेक्लाचं डोकं फिरलं. "बरं, तुमचं जाऊ दे चुलीत! एलोफच्या आजोबाचं तरी सांगता का?"

म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली. डोळे चमकले. "त्याचं? अगं पोरी, त्याचं सांगायला बसलो तर तुला इथंच जेवावं लागेल!"

आणि मग धबधबा सुटला. टोळधाडीच्या वर्षी शेतं तर गेलीच, टोळांनी फावड्याचे दांडे आणि वाळत घातलेले परकरसुद्धा कुरतडले. तेव्हा ब्लूमक्विस्ट आजोबाने पुरून ठेवलेलं अर्धं बियाणं शेजाऱ्यांत वाटलं आणि स्वतःच्या पोरांना झाडाच्या सालीची भाकरी खाऊ घातली. हाच आजोबा एकदा शहरातून दारू पिऊन येताना गाडीतल्या रिकाम्या शवपेटीत झोपला, आणि पेटी ज्यांनी मागवली होती त्यांच्या दारात शिंकला. तिथली विधवा सहा दिवस अंथरुणाला खिळली.

टेक्लाला आत्ता कळलं. लिंडालच्या माणसाला त्याचं स्वतःचं विचारलं तर तो दगड. शेजाऱ्याचं विचारलं तर वर्तमानपत्र. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा त्याच नऊ घरी, मग गावातल्या उरलेल्या घरीही फिरली आणि प्रत्येकाला पलीकडच्या घराचं विचारलं. पंधरा दिवसांत चार वह्या भरल्या. वहीतलं तिला स्वतःलाच सगळं वाचता येत नव्हतं, पण गोष्टी तोंडपाठ होत्या. ती बोलायची, ओत्तिलिया टंकायची.

एवढ्या सगळ्यात आईचं मात्र कुणी बोलेना. फ्रित्योफ एकदा बोटीबद्दल सांगता सांगता म्हणाला, "आणि तुझी आई तर त्या बोटीवर..." मग त्याने टेक्लाच्या तोंडाकडे पाहिलं आणि बिस्किट कॉफीत बुडवलं.

"काय? आई काय?"

"काही नाही. मला अजून जगायचंय."

याचं कारण असं. बत्तीस वर्षांपूर्वी काइसा पेर्सडॉटरला मूठमाती दिल्यावर तळघरात कॉफी चालली होती, आणि ओत्तिलिया उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली होती, "काइसामावशी पाइप ओढायची..." पुढचं कुणी ऐकलंच नाही. आई जमिनीखाली जाऊन तास झाला नाही तोच तिच्या पाइपचा पंचनामा! टेक्लाने ओत्तिलियाच्या हातातला भरला कप काढून घेतला आणि चालू पडली. चार वर्षं अबोला. त्यानंतर बोलणं सुरू झालं ते अहोने. तेव्हापासून लिंडालमध्ये टेक्लासमोर काइसाचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. आपणच लावलेल्या कुलपाची किल्ली आता टेक्ला दारोदार शोधत होती, आणि हे तिच्या ध्यानात येत नव्हतं. ध्यानात आलं असतं तरी तिने मान्य केलं नसतं.

मध्येच एलोफने नवं काढलं. चर्चच्या घटनेत कुठलंसं कलम होतं : कोणत्याही कुटुंबाबद्दल काही छापायचं तर त्या कुटुंबाने वाचून सही करायची, तीन प्रतींवर. त्याआधी पुस्तक कुठल्या भाषेत, यावर तीन बैठकी झाल्या. नातवंडांना स्वीडिश येत नाही, म्हाताऱ्यांना इंग्रजी पटत नाही. शेवटी ठरलं की गोष्टी इंग्रजीत, प्रार्थना आणि शिव्या स्वीडिशमध्ये. हे ठरावात याच शब्दांत नाही, पण अर्थ तोच.

पानं घरोघर गेली. आठ दिवसांनी परत आली. ओत्तिलियाने गठ्ठा सोडला आणि ती खुर्चीत बसली.

"टेक्लाबाई, यांनी खोडाखोड केलीय."

"करणारच. दारू खोडली असेल. डुकराची चोरी खोडली असेल."

"दारू आहे. डुक्करही आहे."

टेक्लाने पानं ओढून घेतली. ब्लूमक्विस्टांच्या पानावर शवपेटी जशीच्या तशी होती, शिंकेसकट. बियाणं वाटल्याचा परिच्छेद निळ्या शाईने आडवा-उभा खोडलेला. हागस्ट्रॉमांच्या पानावर, फ्रित्योफने व्यापाऱ्याचं डुक्कर चोरून, त्याला बायकोची टोपी घालून तळ्यापार नेलं, ते शाबूत. त्याच फ्रित्योफने सोळाव्या वर्षी फुटलेल्या बर्फात उडी घेऊन दोन मुलं बाहेर काढली, ते गायब. ज्या बाईने देवीच्या साथीत परक्यांची अंथरुणं धुतली, तिच्या पानावर उरलं होतं फक्त हे की तिला चूल नीट पेटवता येत नसे.

टेक्ला तडक एलोफच्या गोठ्यात गेली.

"बियाणं का खोडलंस रे?"

"असलं कुणी छापतं का काकू? लोक म्हणतील, ब्लूमक्विस्ट टिमकी वाजवतात."

"आणि शवपेटी?"

"ती राहू दे. ती सगळ्यांना माहीतच आहे." तो लाजून गाईच्या आड झाला.

एकेचाळीस घरं. चाळीस पानांवरून चांगुलपणा असा वेचून काढलेला, जसे डाळीतून खडे. राहिलेलं सगळं सहीनिशी, तीन प्रतींत. एकेचाळिसावं घर टेक्लाचं, त्याचं पानच नव्हतं.

पाळकसाहेबांनी हस्तलिखित एका बैठकीत वाचून काढलं. वाचताना त्यांचा रंग आधी गुलाबी झाला, मग गेला. पंचमंडळ जमलं तेव्हा ते म्हणाले, "टेक्लाबाई, पहिली प्रत बिशपसाहेबांना द्यायचीय. यावरून असं दिसतं की आपल्या चर्चची स्थापना फरारी लोकांनी केली."

"सगळं खरं आहे," टेक्ला म्हणाली.

"ते तर जास्तच वाईट!"

एलोफने घसा साफ केला. "मी सुरुवातीलाच म्हणालो होतो. जुनंच पुस्तक छापू. सोमवारी छापखान्यात द्यायचंय, पुढं तिथं जत्रेच्या जाहिराती लागतात. जुन्यात कुणाला दुखवायचं काही नाही. नावं, एकर, जनावरं."

आणि 'सोबत पत्नी.' तेवढं तो बोलला नाही, पण टेक्लाला ऐकू आलं. तीन महिने, हजारभर कप कॉफी, चार वह्या. आणि आई पुन्हा दोन बैलांच्या आधी, बिननावाची. तिने सगळ्यांचे कप भरले, कारण हाताला दुसरं काही सुचेना. एलोफचा कप भरता भरता ती थांबली.

"एलोफ, तुझ्या आजोबाचं बियाणं तुला कुणी सांगितलं?"

"फ्रित्योफबाबांनीच की. शंभरदा."

"मग तुझ्या आजोबाची स्तुती तू कुठं करतोयस? फ्रित्योफ करतोय. पानावर वर त्याचं नाव घालू : 'हे फ्रित्योफ हागस्ट्रॉम सांगतो.' आता फ्रित्योफचं बोलणं तू खोडणार? एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाला खोटं पाडणार, बिशपांसमोर?"

एलोफने कपात पाहिलं. कप काठोकाठ भरलेला, तिथं लपायलाही जागा नव्हती. "तसं नाही काकू. पण..."

"ज्याने सांगितलं त्याची सही, ज्याच्याबद्दल सांगितलं त्याच्या घरच्यांचीही सही. घरच्यांनी फक्त साल आणि नाव सुधारायचं. बाकी शेजाऱ्याचा मान."

पाळकसाहेब एकदम उठले. "ठराव मांडतो!" त्यांना एवढ्या जोरात बोलताना प्रवचनातही कुणी ऐकलं नव्हतं.

ठराव झाला. स्वतःची स्तुती खोडणारी माणसं शेजाऱ्याचं मन मोडायला तयार होईनात. तीन दिवसांत चाळीस घरांचा चांगुलपणा पानांवर परत आला. शवपेटी आणि डुक्करही राहिलं. ते काढा म्हणून कुणी बोललंच नाही.

पण नियम म्हणजे नियम. एकेचाळिसावं पान कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि कुणी सांगत नव्हतं. शनिवारी दुपारी टेक्ला स्वयंपाकघरात वेलदोड्याचे पाव वळत होती. वळत काय होती, पिळत होती. पुस्तक निघणार, सगळ्या गावाच्या आया त्यात असणार, आणि तिची नसणार. तिने मनाशी ठरवलं होतं की कुणाला विचारायचं नाही. विचारून मिळवलेलं नाव तिला नको होतं.

दार उघडून ओत्तिलिया आत आली. कोट न काढता तिने टेबलावर पिठात एक पान ठेवलं.

"पिठात कशाला ठेवता?"

"वाचा."

"तुम्हीच वाचा. माझे हात भरलेत."

ओत्तिलियाने चष्मा लावला. "'काइसा पेर्सडॉटर. हे ओत्तिलिया सांडग्रेन सांगते. काइसामावशी पाइप ओढायची...'"

टेक्लाचे हात कणकेत थांबले. ओत्तिलियाही थांबली. या जागेच्या पुढं ती बत्तीस वर्षांत गेली नव्हती.

"वाचा," टेक्ला म्हणाली.

"'काइसामावशी पाइप ओढायची, म्हणून मी जिवंत आहे. मी जन्मले तेव्हा बर्फाचं वादळ होतं. निरोप चर्चमध्ये पोचला. तेव्हाच्या पाळकांचं प्रवचन चालू होतं. मावशी उठली, कुणाला न विचारता पाळकांचा घोडा सोडला आणि सात मैल आली. मी निळी पडले होते, रडत नव्हते. माझ्या बापाने पेटीसाठी फळ्या शोधायला घेतल्या. मावशीने पाइप पेटवला आणि माझ्या नाकावर धूर सोडला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी शिंकले आणि जी ओरडायला लागले ती आजतागायत, असं ती म्हणायची. या वस्तीत तिने एकशे बारा मुलं हातात घेतली. कुणाकडून काही घेतलं नाही, तंबाखू सोडून. तिच्याएवढी मोठी बाई लिंडालने पाहिली नाही.'"

चुलीवर काहीतरी उतू गेलं. कुणी पाहिलं नाही.

"हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" टेक्ला म्हणाली.

"सांगतच होते! तू कप काढून घेतलास!"

"मग काय, कपावाचून बोलता येत नव्हतं?"

"चार वर्षं तू तोंड फिरवून बसलीस, टेक्ला. घोड्याला सांगणार होते का?"

टेक्लाने परकराला हात पुसले, मग चेहरा पुसला, आणि पीठ कपाळापर्यंत गेलं. "पहिली ओळ परत वाच. ऐकू आली नाही."

"काइसा पेर्सडॉटर."

"परत."

"काइसा पेर्सडॉटर." ओत्तिलियाने चष्म्यावरून पाहिलं. "आता तुला ऐकू येत नाही होय?"

"चुका तपासतेय मी. घरच्यांना नाव तपासायचा हक्क आहे, ठराव झालाय. परत."

ओत्तिलियाने तिसऱ्यांदा वाचलं, सावकाश, पहिलीच्या वर्गाला वाचून दाखवावं तसं.

"शेवटची ओळ जास्त झाली," टेक्ला म्हणाली. "मोठी बाई वगैरे. लोक काय म्हणतील?"

"मग खोड." ओत्तिलियाने टाक पुढं केला. "मी काही म्हणणार नाही."

टेक्लाने टाक घेतला. शेवटच्या ओळीवर धरला. शाईचा थेंब टोकाशी जमला, लोंबला. तिने टाक झटकून थेंब पिठात पाडला आणि पानाच्या तळाशी, जीभ दातात धरून, सही केली. प्रत्येक अक्षर कोंबडीच्या अंड्याएवढं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. शेवटचं अक्षर संपलं तेव्हा पानावर बोटभरही जागा उरली नव्हती.

"आता मी कुठं सही करू?" ओत्तिलिया म्हणाली.

"मागं कर," टेक्ला म्हणाली. "आणि कोट काढ. कॉफी टाकते."